टेंभूचा गोपाळ आणि इंग्रजीचा उतारा



आज गोपाळ गणेश आगरकर यांच्याविषयी लिहिते आहे. समाजसुधारक आगरकर या विषयावर निबंध आपण सगळ्यांनीच कधी ना कधी लिहिलेला किंवा लिहून दिलेला आहे. 'सुधारक' वर्तमानपत्र, जिवंतपणी निघालेली प्रेतयात्रा, टिळकांशी मतभेद, झाला निबंध. पण त्यांच्या आयुष्याचा एक भाग या निबंधांत येतच नाही. आगरकर इंग्रजी फार चांगलं वाचत होते, आणि ते कसं वाचायचं हे मराठी मुलांना शिकवण्यासाठी त्यांनी उमेद घालवली. आपल्या सातारा जिल्ह्यातला, खेड्यात जन्मलेला, घरी पैसा नसलेला मुलगा. त्यामुळे आपल्या पालकांना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे.

हे आत्ताच का, तेही सांगते. मी प्राथमिकला शिकवते. माझ्याकडून चौथी करून गेलेली मुलं हायस्कूलला गेली की कधीतरी वह्या घेऊन भेटायला येतात. इंग्रजीच्या वहीत उतारा असतो, खाली प्रश्न असतात आणि उत्तरं बहुतेक बरोबर असतात. मी विचारते, बाळा, या उताऱ्यात काय सांगितलंय? मग मूल वहीकडे बघत राहतं. उत्तरं बरोबर आणि अर्थ गायब, हे कसं काय होतं?

एक गंमत करून बघा. फळ्यावर मुलांना हे वाक्य लिहून द्या: 'द डोगल पिम्ड द वास्का इन द लोरी.' याला काहीही अर्थ नाही, मी आत्ताच बनवलंय. आता प्रश्न विचारा, 'हू पिम्ड द वास्का?' वर्गातली निम्मी मुलं हात वर करून सांगतील, 'द डोगल.' कुठे? 'इन द लोरी.' पैकीच्या पैकी मार्क! प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या आजूबाजूचं उतरवून काढायचं, ही युक्ती मुलांना कोणी मुद्दाम शिकवत नाही, ती आपोआप येते. आणि मार्क मिळतात म्हणून आपणही गप्प बसतो. मग प्रश्न जरा फिरवून आला, कारण विचारलं, स्वतःचं मत विचारलं, की जागा कोरी.

आता आगरकरांकडे येऊ.

त्यांचा जन्म 14 जुलै 1856 चा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. आज टेंभू म्हटलं की लोकांना उपसा सिंचन योजना आठवते, पण ते आगरकरांचं गाव. मुंबई विद्यापीठ निघालं 1857 साली, म्हणजे हा मुलगा विद्यापीठापेक्षा एका वर्षाने मोठा. त्या काळी आधी मराठी इयत्ता करायच्या आणि मग इंग्रजी शाळेत जायचं, अशी रीत होती. घरची परिस्थिती अगदी बेताची. कऱ्हाडला आजोळच्या आधाराने शिक्षण सुरू झालं, पण मध्येच कचेरीत उमेदवारी करायची वेळ आली. कधी दवाखान्यात औषधं देण्याचं कामही केलं. पुढे शिकायचं म्हणून हा पोरगा सह्याद्री उतरून पायी रत्नागिरीला गेला. तिथे जम बसेना, म्हणून परत आला. मेढ्याच्या आसपासच्या वाड्यांतून डोंगर उतरून शाळेला येणारी मुलं आपण रोज बघतो, त्यामुळे कऱ्हाड ते रत्नागिरी पायी म्हणजे काय, हे आपल्याकडे फोड करून सांगायला नको.

शेवटी नातेवाइकांच्या आधाराने ते अकोल्याला गेले. तिथे त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनी हे शिक्षक भेटले. हे महाजनी स्वतः इंग्रजी वाङ्मयात बुडालेले होते, शेक्सपिअरच्या 'सिंबेलाइन' नाटकावरून त्यांनी मराठीत 'तारा' हे नाटक केलं. मला वाटतं, मुलाला इंग्रजी आवडावं असं वाटत असेल तर त्याच्या आसपास एक तरी माणूस असा लागतो, जो परीक्षा नसतानाही इंग्रजी पुस्तक उघडतो. आगरकरांना तो अकोल्यात मिळाला. 1875 साली ते मॅट्रिक झाले.

पुढे पुण्याचं डेक्कन कॉलेज. तिथली गरिबी तर दंतकथेसारखीच झाली आहे. अंगावर एकच सदरा, तो रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी पुन्हा चढवायचा. शिष्यवृत्ती, निबंधाची बक्षिसं, वर्तमानपत्रात लिहून मिळणारे थोडे पैसे, यावर दिवस काढायचे. 1878 ला बी. ए. आणि 1880 ला एम. ए. झाले. मिल आणि स्पेन्सर हे त्यांचे आवडते लेखक. ज्यांनी मिलचं एखादं पान उघडलं असेल त्यांना ठाऊक असेल, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं असतं. मुख्य क्रियापद कुठे आहे ते हुडकत बसावं लागतं. तिथे उत्तराचा शब्द शोधून भागत नाही.

एम. ए. म्हणजे त्या वेळी सरकारी नोकरी हात जोडून दारात उभी. आणि त्याच वेळी त्यांनी आईला पत्र लिहून कळवलं की मुलगा आता मोठ्या पगारावर जाईल असे मनोरथ करू नकोस, मी पोटापुरत्या पैशात राहून बाकीचा वेळ लोकांच्या कामाला देणार आहे. हे पत्र पाठ्यपुस्तकांतून, भाषणांतून इतक्यांदा येऊन गेलंय की त्यातली धार बोथट झाली आहे. पण त्या आईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पोराने शिकावं म्हणून अर्धं आयुष्य ओढाताण केली, आणि पोरगा शिकून सांगतोय की मी मास्तर होणार, तोही खाजगी शाळेत.

ती खाजगी शाळा म्हणजे पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी ती जानेवारी 1880 मध्ये सुरू केली, आगरकर एम. ए. उरकून 1881 च्या सुरुवातीला तिथे आले. वामन शिवराम आपटेही या शाळेत होते, संस्कृत-इंग्रजी कोशाचे कर्ते तेच. शाळेच्या नावातच इंग्लिश आहे, पण चालवणारी माणसं मराठीची कडवी अभिमानी होती. आजच्या पालकांना हे दोन्ही एकत्र कसं, असा प्रश्न पडतो. त्यांना तो पडला नसावा. इंग्रजीतून नवं ज्ञान घ्यायचं आणि मराठीतून ते सगळ्यांना द्यायचं, असा साधा हिशोब होता. म्हणून त्याच मंडळींनी जानेवारी 1881 मध्ये दोन वर्तमानपत्रं काढली, इंग्रजीत 'मराठा' आणि मराठीत 'केसरी'. केसरीचे पहिले संपादक आगरकर. सकाळी वर्ग आणि रात्री छापखाना.

आणि इथे एक प्रसंग घडला, तो वाचनाच्या दृष्टीने मला फार महत्त्वाचा वाटतो. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे तिथल्या तरुण छत्रपतींचा छळ करतात, असा मजकूर या दोन्ही पत्रांत आला. त्याला आधार होता काही पत्रांचा. ती पत्रं बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी शिक्षा झालीच. जुलै ते ऑक्टोबर 1882, मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस. खटल्याच्या वेळी जामीन मिळवून देण्यात जोतीराव फुले यांनी पुढाकार घेतला, त्यांच्या स्नेह्यातले रामशेठ उरवणे जामीन राहिले. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्याच खटाव तालुक्यातलं. केसरीवाले आणि फुले यांचं सगळ्या बाबतीत पटत होतं असं नाही, तरीही.

कागदावर लिहिलेलं नीट वाचता येणं ही एक गोष्ट, आणि ते खरं कशावरून, हे विचारणं ही दुसरी. त्या पत्रांची भाषा कोणाला कळली नव्हती असं नाही. हातात आलेला कागद कोणी लिहिला, का लिहिला, हा प्रश्न मात्र राहून गेला. आपल्या मुलांच्या मोबाईलवर रोज असे किती कागद येतात!

तुरुंगात आगरकरांनी काय केलं? शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' मराठीत आणण्याचं काम. त्यांनी तुरुंगवासाचं वर्णनही पुढे पुस्तकरूपाने लिहिलं, 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे एकशे एक दिवस'. कोठडीत टिळक सोबत होते आणि दोघांच्या चर्चा रंगायच्या. पण मला थांबायचंय हॅम्लेटपाशी.

हॅम्लेटची इंग्रजी तेव्हाच जवळजवळ तीनशे वर्षं जुनी होती. म्हणजे इंग्रज पोरांनाही ती सरळ कळत नाही. त्यात कवितेची भाषा, शब्दांवरचे खेळ, अर्धवट सोडलेली वाक्यं. भाषांतर करणाऱ्याला एक सोय नसते, ती म्हणजे न कळलेलं वाक्य ओलांडून पुढे जाण्याची. वाचताना आपण सगळेच अशा उड्या मारतो. भाषांतरात उडी मारली की पकडले जातो. आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन इंग्रजी शिकलं, तिच्यात हेच होतं. आता भाषांतर जुनाट ठरलंय, इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचंच नाही असं सांगितलं जातं. रोजच्या बोलण्यासाठी ते ठीकही असेल. पण उतारा कळला की नाही याची परीक्षा घ्यायची असेल तर मूल ते आपल्या भाषेत, आपल्या घरच्या बोलीत सांगू शकतं का, यापेक्षा सोपी कसोटी मला तरी सापडलेली नाही.

हे भाषांतर 1883 साली प्रसिद्ध झालं, आणि त्याचं नाव ठेवलं 'विकारविलसित'. नाव जरा अवघड आहे, पण उलगडून बघा. विकार म्हणजे मनातले राग, मत्सर, संशय, शोक. विलसित म्हणजे त्यांचा खेळ. नाटकाला नायकाचं नाव होतं, तेच ठेवून मोकळं होता आलं असतं. आगरकरांनी नाटकात घडतं काय ते पाहिलं आणि दोन शब्दांत सांगितलं. उताऱ्याला योग्य शीर्षक द्या, हा प्रश्न आपण मुलांना घालतो ना? मुलं काय करतात, पहिल्या ओळीतलं पहिलं नाम उचलतात. उतारा मुंग्यांचा असेल तर शीर्षक 'मुंगी'. मुंगीबद्दल काय म्हटलंय ते शीर्षकात कुठे आहे, एवढं विचारलं तरी मूल परत उताऱ्यात शिरतं.

पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणलं आणि गणपतराव जोशींनी त्यातली मुख्य भूमिका गाजवली. शाहूनगर म्हणजे सातारा. म्हणजे टेंभूच्या माणसाने मराठीत आणलेला हॅम्लेट साताऱ्याचं नाव लावणाऱ्या कंपनीने गावोगावच्या लोकांना दाखवला. इंग्रजीचं अक्षर न येणाऱ्या प्रेक्षकांनी शेक्सपिअर पाहिला.

1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज. टिळक आणि आगरकर यांच्यातले मतभेद वाढत गेले. 1887 मध्ये आगरकरांनी केसरी सोडला आणि ऑक्टोबर 1888 मध्ये 'सुधारक' सुरू केला. सुधारकात मराठी मजकूर आगरकरांचा आणि इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली. एकाच अंकात दोन्ही भाषा. बालविवाह, विधवांचे हाल, जातिभेद, निरर्थक रूढी यांवर त्यांनी काय लिहिलं आणि त्यापायी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा कशी निघाली, हे सर्वांना माहीत आहे, त्यामुळे इथे लांबवत नाही. एवढंच सांगते की मुलींना मुलांसारखंच आणि मुलांच्या सोबतच शिक्षण द्यावं, हे त्यांनी त्या काळात लिहिलं. आज हायस्कूलच्या बाकांवर मुली बसलेल्या दिसतात, त्याला तेव्हा शिव्या पडत होत्या.

त्याच 1888 साली त्यांचं आणखी एक पुस्तक आलं. निबंधांत त्याचं नाव सहसा येत नाही आणि मला मात्र तेच सर्वांत जवळचं वाटतं. 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण'. एका बाजूला समाजाशी झुंज चालू, दुसऱ्या बाजूला हा माणूस मुलांसाठी वाक्य कसं उकलायचं ते लिहितोय. वाक्याचं उद्देश्य कोणतं, विधेय कोणतं, मुख्य वाक्य कोणतं, त्यावर अवलंबून असलेलं गौण वाक्य कोणतं, हे वेगळं काढायची रीत तेव्हा इंग्रजी व्याकरणात रुळलेली होती. आगरकरांनी ती मराठी वाक्याला नीट लावून दाखवली.

आपण डी. एड. ला वाक्यपृथक्करण शिकलो, तक्ते काढले आणि विसरलो. मुलांना तर ते मार्कांपुरतंच उरलंय. पण इंग्रजी उताऱ्यावर ते किती कामाला येतं ते पाहा. एक वाक्य घेऊ: 'द बॉय हू मेट द मॅन वॉज टायर्ड.' कोण दमलं होतं? सातवी-आठवीतल्या बऱ्याच मुलांचं उत्तर येतं, माणूस. कारण 'द मॅन वॉज टायर्ड' हे शब्द शेजारी-शेजारी आहेत. शब्द सगळे सोपे, पहिलीपासूनचे. अडतं ते वाक्याच्या बांधणीत.

का अडतं? मराठीत आपण म्हणतो, जो मुलगा त्या माणसाला भेटला, तो दमला होता. आधी 'जो'चं वाक्य पुरं करतो, मग 'तो' म्हणून मुख्य वाक्य सुरू करतो. दोन खोल्या, मधे दार. इंग्रजीत मुख्य वाक्य 'द बॉय' म्हणून सुरू होतं, मधेच थांबतं, पोटात दुसरं वाक्य घुसतं आणि मग 'वॉज टायर्ड' म्हणून पहिलं पुरं होतं. मराठी मुलाच्या कानाला ही सवयच नाही. ती कोणीतरी हात धरून दाखवावी लागते. पेन्सिल घ्या, 'हू मेट द मॅन' याला कंस करा आणि कंसाबाहेरचं वाचायला सांगा. मुलाच्या चेहऱ्यावर लगेच कळतं. क्रियापदाचंही तसंच. मराठीत ते शेवटी येतं, म्हणून मूल वाक्य संपेपर्यंत वाट बघायला शिकलेलं असतं. इंग्रजीत क्रियापद आधी येऊन जातं आणि कोणाला, कुठे, कधी हे नंतर लांबत जातं, तोवर मुलाचं लक्ष सुटलेलं असतं. ज्याला आपल्या भाषेतलं वाक्य उकलता येतं, त्याला निदान काय शोधायचं ते तरी माहीत असतं.

म्हणून पालकांना माझं एक आग्रहाचं सांगणं आहे. आपल्या जावळीतली कितीतरी घरं मुंबईच्या कमाईवर उभी आहेत. मुंबईत राहिलेल्या माणसाला इंग्रजीवाचून काय काय अडलं ते ठाऊक असतं, म्हणून मुलाला इंग्रजी यावं ही तळमळ मला कळते, ती चुकीची नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहेच. पण मूल मराठीतली गोष्ट वाचून ती स्वतःच्या शब्दांत सांगू शकत नसेल, तर इंग्रजीच्या शिकवणीला पैसे घालून उतारा कळणार नाही. घरात कोणाला इंग्रजी येत नसलं तरी चालतं. मुलाला एवढंच म्हणा, तुझा धडा मला आपल्या भाषेत सांग. तो अडला की तिथेच त्याला कळलेलं नाही. हे ओळखायला आईला ए-बी-सी-डी यायची गरज नाही. आणि शिक्षकांनो, मार्गदर्शकातली तयार उत्तरं फळ्यावर उतरवून देण्यात गेलेल्या तासाचं काय होतं, ते आपल्याला आपापसात सांगायला नको.

आगरकरांकडे तयार उत्तरं मागायला येणारे त्यांच्या काळीही असणारच. फर्ग्युसनमध्ये ते इतिहास आणि तर्कशास्त्र शिकवत. आपटे 1892 मध्ये वारले, त्यानंतर आगरकर प्राचार्य झाले. तोवर दम्याने त्यांना पार पोखरलं होतं. हा विकार तरुणपणापासूनचा. रात्र रात्र बसून काढायची आणि सकाळी कॉलेजात जायचं, शिवाय सुधारकाचा मजकूर लिहायचा. घरी पत्नी यशोदाबाई. नवऱ्याचं देवाधर्माविषयी मत एक आणि त्यांची श्रद्धा दुसरी. आगरकरांनी त्यांच्यावर आपली मतं लादली नाहीत, असं सांगतात. बाहेर इतकं कडक लिहिणाऱ्या माणसाविषयी हे ऐकून मला त्यांच्याबद्दल जास्त आदर वाटला.

17 जून 1895 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. एकोणचाळीस पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यापुरते पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून, वर तसं लिहून ठेवले होते, अशी आठवण सांगितली जाते. एम. ए. झालेल्या, कॉलेजच्या प्राचार्याच्या घरात शिल्लक म्हणावी ती एवढीच.

आपल्या शाळा उघडतात त्याच दिवसांत ही तारीख येते, आणि महिन्याभराने 14 जुलै, त्यांची जयंती. त्या दिवशी भाषणं होतीलच. सोबत मी चौथीच्या वर्गात एक लांब मराठी वाक्य घेणार आहे, आणि हायस्कूलच्या इंग्रजीच्या बाईंना एक इंग्रजी वाक्य घ्यायला सांगितलं आहे. दोन्ही वर्गांत पेन्सिलीने कंस करायचे. कोणाला जास्त सापडतात बघू. तुमच्या शाळेत केलंत तर मुलांनी काय उत्तरं दिली ते जरूर कळवा, चुकलेली उत्तरं आधी.